मोबाइलच्या क्रिकेटला मैदानाची माती लागू द्या
‘रिअल क्रिकेट’ घडवणाऱ्यांना जालना जिल्ह्यातून खुलं पत्र

प्रति,
श्री. अनुज मानकर आणि सर्व सहकारी,
नॉटिलस मोबाइल, मुंबई



मी जालना जिल्ह्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमची मुलं रोज दोन प्रकारचं क्रिकेट खेळतात. शाळा सुटली की ग्राउंडवर टेनिस बॉलने, आणि अंधार पडला की वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या मोबाइलवर. ‘मोबाइल ठेवा आणि मैदानात या’ असं बजावणारी पत्रं पुष्कळ लिहून झाली आहेत. हे त्यातलं नाही. मुलं क्रिकेटचे गेम खेळणार, हे मी धरूनच चालतो. म्हणूनच त्या गेममधलं क्रिकेट कसं असावं याची मला काळजी वाटते, आणि ती थेट तुमच्यापुढे मांडतो आहे.

तुमच्यापुढेच का, तेही सांगतो. क्रिकेटचे मोठे गेम वर्षानुवर्षं बाहेरून येत राहिले. ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट 07’ 2006च्या अखेरीस आला आणि त्या मालिकेतला तो शेवटचा ठरला. तरी आपल्याकडची पोरं त्याच गेममध्ये नव्या जर्सी आणि नवे खेळाडू घालून पुढे कित्येक वर्षं तो खेळत राहिली. मग ऑस्ट्रेलियातल्या बिग अँट स्टुडिओजने 2014 मध्ये ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट 14’ आणला. तो खेळायला कन्सोल नाहीतर तगडा कॉम्प्युटर हवा. आमच्याकडे तो किती घरांत असणार? 2013 मध्ये तुम्ही मुंबईत नॉटिलस सुरू केली, मोबाइलसाठी ‘रिअल क्रिकेट’ची मालिका घडवली, आणि हा खेळ वाडी-तांड्यापर्यंत पोहोचला. 2025 मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने तुमच्या कंपनीतला नियंत्रक हिस्सा घेतला. आता हाताशी पैसा आहे, तंत्र आहे. ते कशावर खर्च करायचं, हे ठरवण्याची वेळ हीच आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: क्रिकेटचे गेम आजवर टीव्हीवरच्या क्रिकेटसारखे होत गेले. आता ते मैदानावरच्या क्रिकेटसारखे व्हायला हवेत.

गेम उघडला की कॅमेरा टीव्हीसारखाच उंचावर असतो. चौकार गेला की रिप्ले येतो. कपाळावरचा घाम, हेल्मेटवर चमकणारा प्रकाश, सीमारेषेवरच्या जाहिराती, समालोचकाचा चढलेला आवाज, सगळं दरवर्षी जास्त हुबेहूब होत जातं, आणि ‘अगदी खऱ्यासारखं’ म्हणून त्याचंच कौतुक होतं. या मेहनतीला मी कमी लेखत नाही. पण बॅट घेऊन उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नसतं. त्याला गोलंदाजाचं मनगट दिसतं, मिडविकेटची मोकळी जागा दिसते. मागच्या षटकात एक बॉल खाली राहिला होता, हे त्याच्या डोक्यात असतं. समोरचा जोडीदार दुसऱ्या धावेला येईल की अर्ध्यातून परत पाठवेल, याचा अंदाज त्याला घ्यावा लागतो. टीव्हीवर हे कधी दिसत नाही, म्हणून टीव्हीची नक्कल करणाऱ्या गेममध्येही ते येत नाही.

गेम किती खरा होऊ शकतो, याला मर्यादा आहे हे मला कळतं. मोटार शर्यतीच्या गेमचं उदाहरण नेहमी दिलं जातं. ‘ग्रान तुरिस्मो’ खेळणाऱ्यांमधून खरे ड्रायव्हर निवडण्यासाठी जीटी अकॅडमी नावाची स्पर्धा होत असे. ब्रिटनचा यान मार्डनबरो 2011 मध्ये ती जिंकला आणि 2013 मध्ये ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत त्याच्या संघाने आपल्या गटात तिसरा क्रमांक पटकावला. हे जमलं, कारण खरा ड्रायव्हरसुद्धा बसूनच असतो. त्याच्या हातात स्टिअरिंग आणि पायाखाली पेडल असतं, आणि या दोन्ही गोष्टी घरी जोडता येतात. फलंदाजाचं तसं नाही. पुढचा पाय किती टाकायचा, डोकं बॉलच्या रेषेत कसं ठेवायचं, तोल कुठे जातो, हे काचेवर बोट फिरवून शिकता येत नाही. गेममध्ये रिव्हर्स स्वीप सहज बसतो म्हणून नेटमध्ये पहिल्याच आठवड्यात तो मारायला जाणारी मुलं मी पाहिली आहेत. शरीराचं क्रिकेट मैदानातच राहणार. ते मोबाइलमध्ये आणल्याचा आव कुणी आणू नये.

पण डोक्याचं क्रिकेट मोबाइलमध्ये जवळजवळ पूर्ण आणता येतं. ताशी 140 किलोमीटर वेगाचा बॉल फलंदाजापर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. एवढ्या वेळात पाहणं, ठरवणं आणि मारणं शक्य होतं, कारण खरा फलंदाज बॉल हातातून सुटण्याआधीच वाचायला लागलेला असतो. पाच-सहा इंची पडद्यावर ते वाचन होत नाही, म्हणून अनेक गेममध्ये बॉल कुठे पडणार हे दाखवणारं एक वर्तुळ खेळपट्टीवर उमटतं. काही जाणकार त्याला खोटं म्हणून नाकं मुरडतात. मला ते रास्त वाटतं. मैदानात डोळ्यांना जे मिळतं ते पडद्यावर मिळत नाही, त्याची ती भरपाई आहे.

मात्र ते वर्तुळ कमवावं लागलं पाहिजे. आपण म्हणतो, ‘त्याची नजर बसली आहे, आता तो सुटत नाही.’ नवा फलंदाज आला की ते वर्तुळ पुसट आणि उशिरा दिसू दे. पंधरा-वीस बॉल नीट खेळल्यावर ते लवकर आणि ठळक दिसू दे. नवा गोलंदाज आला, बाजू बदलली, चहापानानंतर खेळ सुरू झाला, की पुन्हा थोडं धूसर होऊ दे. मग ऑफ स्टंपबाहेरचा बॉल सोडणं हा वेळेचा अपव्यय न वाटता कमाई वाटेल. आज दोन-चार षटकांच्या सामन्यात बॉल सोडणारा मुलगा मूर्ख ठरतो. गेमच त्याला तसं ठरवतो.

इथे मला आमच्या जालन्याच्या विजय झोलची आठवण करून द्यायची आहे. 2011-12 च्या हंगामात, 19 वर्षांखालच्या कूचबिहार करंडकात, महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध त्याने नाबाद 451 धावा केल्या. पुढे 2012 चा 19 वर्षांखालचा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता आणि 2014 च्या विश्वचषकात त्याने भारताचं नेतृत्व केलं. त्याच वर्षी जानेवारीत रणजी करंडकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात, वानखेडेवर, मुंबईविरुद्ध चौथ्या डावात महाराष्ट्राला अडीचशेच्या वर धावा हव्या होत्या. केदार जाधवचं शतक आणि झोलच्या नाबाद 91 धावा यांच्या बळावर महाराष्ट्राने तो सामना आठ गडी राखून जिंकला. मुंबईला मुंबईत हरवणं काय असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता आमच्या एखाद्या मुलाला मोबाइलवर असा डाव खेळावासा वाटला, तर त्याला काय खेळायला मिळतं? गेममध्ये साडेचारशे धावा होतीलही, पण त्या ठोकून होतील. उभं राहून होणार नाहीत. साडेचारशे धावा म्हणजे दिवस मावळला, दुसरा उजाडला, तरी तोच फलंदाज पहिल्या बॉलइतकंच लक्ष देऊन उभा आहे. हातमोजे घामाने ओले, पायांत गोळे, क्षेत्ररक्षण पांगलेलं आणि एकेरी धाव सहज मिळते आहे, अशा वेळी चूक होते ती कंटाळ्यातून. हा कंटाळा आणि त्याच्यावरचा ताबा गेममध्ये यायला हवा. थकलेला फलंदाज दुसऱ्या धावेला अर्धं पाऊल मागे पडू दे. सलग चार चौकार मारल्यावर पाचवा फटका मारायची खुमखुमी येते, तेव्हा टायमिंगची खिडकी किंचित अरुंद होऊ दे. चौथ्या डावात आवश्यक धावा कमी होत जातात तसा क्षेत्ररक्षकांचा वेढा जवळ येऊ दे. मुलगा हरेल, चिडेल, पुन्हा खेळेल. पुढे रणजीचा सामना पाहताना फलंदाज का थांबला आहे, हे त्याला कुणी सांगावं लागणार नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. जमीन बदलली की खेळ बदलतो, हे आमच्या जिल्ह्याने कुस्तीतही पाहिलं आहे. 2018 च्या डिसेंबरमध्ये 62वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालन्यात झाली. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता अंतिम लढतीत समोरासमोर येतात, हा त्या स्पर्धेचा पाया. त्या वर्षी मातीतून बाला रफिक शेख आला, गादीवरून अभिजित कटके, आणि गदा बाला रफिकने उचलली. माती पाय धरते, गादी पाय सोडते. त्यामुळे पैलवानाची तयारीच वेगळी होते. हे समजायला आमच्या प्रेक्षकांना कुणा तज्ज्ञाची गरज पडली नाही.

क्रिकेटमध्ये तर खेळपट्टी हा अर्धा सामना असतो. पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने 12 बळी घेतले, भारत 105 आणि 107 धावांत गारद झाला, सामना तीन दिवसांत संपला आणि आयसीसीने खेळपट्टीवर ‘निकृष्ट’ असा शेरा मारला. त्याच मैदानावर 2024 च्या ऑक्टोबरमध्ये काळ्या मातीची खेळपट्टी होती. न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने 13 बळी घेतले, भारत 113 धावांनी हरला, आणि मायदेशात बारा वर्षं न गमावलेली कसोटी मालिका हातची गेली. वानखेडेची लाल माती जास्त उसळी देते; काळ्या मातीवर बॉल सहसा खाली राहतो, अडकून येतो.

काळी माती आमच्या मुलांना शिकवावी लागत नाही. पावसाळ्यात ती चपलेला चिकटून वर येते, उन्हाळ्यात त्याच रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गावात टेनिस बॉलची स्पर्धा ठरली की आधी पोरं पिच करायला घेतात. ढेकळं फोडतात, चाळलेली माती पसरतात, संध्याकाळी पाणी मारतात आणि सकाळी ओल असतानाच रोलर फिरवतात. पाणी जास्त झालं तर पहिल्या सामन्यात बॉल टप्पा पडून थबकतो. उन्हं चढली की तोच बॉल सरसर सरकत येतो. म्हणून टॉसला जाण्याआधी कर्णधार वाकून पिचवर अंगठा दाबतो. ओल लागली तर फिल्डिंग, नाही लागली तर बॅटिंग.

हा अंगठा मला तुमच्या गेममध्ये हवा आहे. सामन्याआधी यादीतून ‘हिरवी’ किंवा ‘कोरडी’ खेळपट्टी निवडायची, आणि शेवटपर्यंत ती तशीच राहायची, असं नको. मुलाला पिचजवळ जाऊ द्या, रंग पाहू द्या, भेगा पाहू द्या, आणि त्यावरून त्यालाच अंदाज बांधू द्या. मग ऊन, ओल, दव आणि गोलंदाजांच्या बुटांनी झालेल्या खुणा यांनी खेळपट्टी बदलत जाऊ द्या. चौथ्या दिवशी भेगेवर पडलेला बॉल गुडघ्याखाली राहू दे. त्यावर पायचीत झालेला मुलगा ‘गेमने फसवलं’ म्हणणार नाही, ‘भेग बघायला हवी होती’ असं म्हणेल. ज्या पोरांच्या घरी कापूस आणि मोसंबी याच मातीत पिकते, त्यांच्यासाठी गेममधली ही एकमेव गोष्ट अशी असेल की जी त्यांना महानगरातल्या मुलांहून जास्त कळते.

यासाठी महागडा फोन लागतो, असं म्हणू नका. कपाळावरचा घाम आणि स्टेडियममधली हजारो माणसं दाखवायला फोनची ताकद लागते. एका बॉलचा टप्पा, उसळी आणि वळण काढायचं गणित त्या मानाने हलकं असतं. आमच्याकडचे बहुतेक फोन स्वस्तातले, त्यातली जागा फोटो-व्हिडिओंनी भरलेली. प्रेक्षकांचे चेहरे ठोकळ्यांसारखे दिसले तरी चालतील, पण बॉल खोटा वागू नये. चित्रं कमी करून खेळ पूर्ण ठेवणारी हलकी आवृत्ती द्या. तुमच्या कामाची खरी कसोटी तिच्यात लागेल.

आता खरेपणा कुठे थांबावा, त्याबद्दल. मैदानावरचं सगळंच आणण्याजोगं नसतं. पंचाशी हुज्जत, शिवीगाळ, प्रतिस्पर्ध्याला दुखापत करण्याची मजा यांतलं काही नको. पाच दिवसांचं प्रत्येक मिनिटही नको. संध्याकाळी अभ्यास आणि जेवण यांच्यामध्ये बसेल असा डाव हवा, आणि अर्धवट राहिला तर उद्या तिथूनच पुढे सुरू व्हावा. हा कमीपणा मानायचं कारण नाही. खेळाचा गाभा राखून बाकीचं सोडून देणं यातच गेम करणाऱ्याचं कौशल्य आहे.

पण एका बाबतीत मी अजिबात मागे हटणार नाही, आणि ती म्हणजे पैसा. मोबाइल गेमच्या दुनियेत पैसे भरून ताकदवान बॅट किंवा वरचढ खेळाडू विकत घेण्याची पद्धत रुळली आहे. पैसे मोजले की तोच फटका दहा मीटर जास्त लांब जातो. हे घडलं की बाकीचा सगळा खरेपणा वाया गेला, कारण बॉल आता टायमिंगला दाद देत नाही, पाकिटाला देतो. मैदानावरही श्रीमंत मुलाची बॅट चांगली असते, हे मला ठाऊक आहे. ती बॅट घेऊन तो पहिल्या बॉलवर बोल्ड होताना मी पाहतो, तेवढी समानता मोबाइलमध्येही राहिली पाहिजे. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला; पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. जुगाराचा रस्ता कायद्याने अडवला. पण गेमच्या आतली दुकानं किती प्रामाणिक ठेवायची, हे तुमच्याच हातात आहे. जर्सी विका, बॅटवरचे स्टिकर विका, जुनी मैदानं विका. धावा विकू नका.

शेवटी, ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं त्यांचं क्रिकेट गेममध्ये दिसू द्या. मार्च 2024 मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली. टेनिस बॉलवर दहा षटकांचे सामने, टीव्हीवर थेट प्रक्षेपण. टेनिस बॉलला बाजार नाही, असं आता कुणी म्हणू शकत नाही. त्याचं शास्त्र वेगळं आहे. तो हलका असतो, वाऱ्याने भरकटतो, यॉर्कर नेमका पडला तर मारता येत नाही, आणि उंच उडालेला झेल हातात येऊन उसळून निसटतो. त्याची नीट घडवलेली आवृत्ती द्या: कापणी झालेलं रान, एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला शाळेची भिंत, आणि सीमारेषेला चुन्याची फक्की.

समालोचन मराठीत असावं, हे मागायला आज संकोच वाटण्याचं कारण उरलेलं नाही. 2023 च्या आयपीएलमध्ये जिओ सिनेमाने मराठी समालोचन दिलं, आणि ते करणाऱ्यांत केदार जाधव होता. पण हिंदी वाक्यांचं मराठी करून ते वाचून घेऊ नका. आमच्या स्पर्धांमध्ये मंडपात माइक घेऊन बसणारे समालोचक ऐका. ते देणगीदारांची नावं घेता घेता सामना सांगतात, गोलंदाजाला त्याच्या वस्तीच्या नावाने हाक मारतात, आणि षटकार गेला की बॉल कुणाच्या शेतात पडला तेही सांगतात.

आणि मुली. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने एकदिवसीय विश्वचषक जिंकला. त्या संघात सांगलीची स्मृती मानधना होती, उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा करणारी मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज होती. त्यानंतर आमच्या शाळेत बॅट मागायला येणाऱ्या मुलींना मी आता रांगेत उभं करतो. फुटबॉलच्या ‘फिफा 16’मध्ये महिलांचे राष्ट्रीय संघ 2015 मध्येच आले होते. क्रिकेटमध्ये मुलींना स्वतःचे संघ, स्वतःच्या स्पर्धा, आणि तालुका ते देश असा पूर्ण प्रवास मिळायला हवा. पुरुष खेळाडूच्या अंगावर वेगळा चेहरा बसवून भागणार नाही.

मागण्या पुष्कळ झाल्या, पण सगळ्या एकाच धाग्यातल्या आहेत. तुमचा गेम खेळून कुणी विजय झोल होणार नाही; त्यासाठी उन्हात उभं राहावं लागतं आणि तिथे उभं करण्याचं काम आमचं आहे. तुमच्या गेममधून मुलाला खेळ वाचता आला पाहिजे. कुठला बॉल सोडायचा, कुठल्या गोलंदाजाला मान द्यायचा, पिच काय सांगतं आहे, हरत असताना डाव कसा लांबवायचा, हे त्याला कळलं पाहिजे. तेवढं तुम्ही केलंत, तर संध्याकाळी मोबाइलवर खेळलेला मुलगा सकाळी ग्राउंडवर थोडा जास्त शहाणा होऊन येईल, आणि मोबाइल हा आमचा शत्रू आहे असं म्हणण्याची पाळी कुठल्याच क्रीडाशिक्षकावर येणार नाही.

मोठं काही एकदम जमत नसेल, तर पुढच्या आवृत्तीत सुरुवात खेळपट्टीपासून करा. तुमच्यापैकी कुणी डिसेंबर ते मे या काळात जालन्याला आलं, तर टेनिस बॉलची स्पर्धा चालू असलेलं एखादं गाव नक्की सापडेल. पिच तयार करणाऱ्या पोरांबरोबर एक संध्याकाळ आणि एक सकाळ थांबा, मोजमापं घ्या, बॉल किती उसळतो ते टिपून घ्या. सगळी माहिती ती पोरं आनंदाने देतील. मीही तुमच्यासोबत येईन.

आपला,
एक क्रीडाशिक्षक
जालना जिल्हा